इंदुरात अधूनमधून राहायला घर, उरलेले दिवस पाहुण्यांना: घेण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं पुण्यात नोकरी करता, आई रामबागेत एकट्या राहतात, दिवाळी आणि मे मिळून वर्षातला महिनाभर तुम्ही इंदुरात असता. 45 लाखांपर्यंत टू बीएचके घ्यायचा, तुम्ही नसाल तेव्हा अ‍ॅपवरून रोजच्या भाड्याने द्यायचा आणि त्यातून बँकेचा हप्ता निघावा, असा बेत आहे. दलाल म्हणतो रात्रीचे 3,000, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 75,000. शिवाय 2028 चं उज्जैनचं सिंहस्थ तोंडावर. घ्यावं का, घ्यावं तर कुठे?

कुठे ते पुढे सांगते. आधी खरी अडचण पाहू. एकाच घराकडून तुम्ही दोन कामांची अपेक्षा करताय आणि दिवाळीत ती दोन्ही त्याच तारखांवर येतात. दिवाळीनंतरच्या आठवड्यात गुजरात-महाराष्ट्रातली कुटुंबं सुट्ट्या गाठून उज्जैन आणि ओंकारेश्वरला निघतात. इंदुरात सर्वात जास्त मागणी असलेल्या दिवसांत हे दिवस मोडतात, आणि नेमके तेच तुम्हाला घरात हवे आहेत. दलालाच्या हिशेबात हा संघर्ष कुठेच नाही. म्हणून माझं मत आधीच स्पष्ट सांगते: घर महिन्याच्या साध्या भाड्यावर दिलं तरी हप्ता भरताना तुमची ओढाताण होणार नसेल, तरच ते घ्या. रोजच्या भाड्यातून येईल ते वरचं उत्पन्न समजा. यात तीन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील: रहवासी संघ परवानगी देतो का, कर्ज किती घेणार, आणि इंदुरात रोज लक्ष कोण ठेवणार.

बजेट 45 लाखांचं असेल तर घर 45 लाखांचं बघू नका, 34 च्या आसपासचं बघा. मध्य प्रदेशात रजिस्ट्रीचा खर्च, म्हणजे मुद्रांक, उपकर आणि नोंदणी शुल्क धरून, शहरात साडेबारा टक्क्यांपर्यंत जातो. तोही सौद्याची किंमत आणि कलेक्टर गाइडलाइनची (सरकारने ठरवलेली) किंमत यांत जी जास्त, तिच्यावर. 34 लाखांवर हे सव्वाचार लाख झाले. सामानसुमानाला 5 लाख. वकील, दलाली, संघाची अनामत आणि पहिल्या सहा महिन्यांची गंगाजळी मिळून सव्वा लाख. झाले साडेचव्वेचाळीस. बँक रजिस्ट्री आणि फर्निचरचे पैसे घराच्या कर्जात सहसा धरत नाही, म्हणजे 27 लाखांचं कर्ज घेतलंत तरी साडेसतरा लाख खिशातून जातील. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता साधारण 23,400 येतो. बांधकाम चालू असलेली इमारत असेल तर वर 5 टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर 1 टक्का). कम्प्लिशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो नाही.

आता उत्पन्न. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला, पण रीत हीच ठेवा. वर्षाची सरासरी धरली तर रात्रीचे 3,000 मी धरत नाही, 2,200 धरते. अ‍ॅपचं कमिशन 15 टक्के धरलं की 1,870 उरतात. पाहुणे सरासरी दोन रात्री राहतात असं धरा. दर वेळच्या सफाई-धुलाईचे 450, म्हणजे रात्रीमागे 225. वीज 150, चहा-साबण-पाण्याचे 80. हातात रात्रीमागे 1,415. घर रिकामं राहिलं तरी चुकत नाहीत ते खर्च: देखरेख करणाऱ्याचे 5,000, संघाचा मेंटेनन्स 2,000, इंटरनेट 700, दुरुस्ती 1,500, विजेचा स्थिर आकार आणि किरकोळ 800. एकूण 10,000.

मग 14 रात्री भरल्या तर महिन्याला 9,800 सुटतात. 20 भरल्या तर 18,300. हप्ता निघायला 24 रात्री लागतात, आणि 24 रात्री म्हणजे शनिवार-रविवारबरोबर मंगळवार-बुधवारही भरलेले. तेच घर फर्निचरसह 16,000 भाड्याने 11 महिन्यांच्या करारावर दिलं तर मेंटेनन्स आणि दुरुस्ती वजा जाता 12,500 हातात, रात्री फोन नाही, चादरी नाहीत. म्हणजे रोजच्या भाड्याने महिन्याला 16 रात्री भरल्या तरच ती मेहनत साध्या भाडेकरूपेक्षा जास्त देते. मात्र साधा भाडेकरू ठेवलात तर दिवाळीत मुक्काम आईंच्याच घरी. तुम्हाला घर हवंय ते मुळात स्वतःच्या महिन्याभरासाठी, तर त्या सोयीची किंमत किती लावता हे दोघांनी आधी बोलून ठरवा. दर वर्षी लाखभर रुपये कमी मिळाले तरी चालतील असं तुमचं उत्तर असेल तर तोही योग्यच निर्णय आहे, फक्त तो डोळे उघडे ठेवून घ्या.

मधला एक मार्ग आहे आणि इंदुरात मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो: दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचे पाहुणे. बॉम्बे हॉस्पिटल, चोइथराम, अरविंदो अशा रुग्णालयांत आसपासच्या जिल्ह्यांतून उपचारांना येणारी कुटुंबं, पीथमपूरच्या कारखान्यांत यंत्र बसवायला आलेले इंजिनिअर, सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत नुकते रुजू झालेले, बदलीवर आलेले आणि शाळेच्या सत्राची वाट पाहणारे. दर रात्रीमागे कमी मिळतो, पण सफाई आठवड्यातून एकदा, कमिशन पुष्कळदा नाही, आणि शेजाऱ्यांना जिन्यात रोज नवा चेहरा दिसत नाही. तुमच्या दोन तारखांच्या मध्ये असे तीन-चार पाहुणे सहज बसतात.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच, तर सौदे इथेच बिघडतात. मल्टीतल्या (बहुमजली इमारतीतल्या) फ्लॅटचा व्यवहार करण्याआधी रहवासी संघाची नियमावली आणि गेल्या दोन-तीन सभांचे ठराव मागा. मध्य प्रदेशात मल्टीच्या मालकी-व्यवस्थेसाठी 2000 चा प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम आहे, पण तुमच्या दारात चौकीदार पाहुण्यांना अडवेल तो संघाच्या ठरावावर. ‘इथे सगळे देतात, कोणी विचारत नाही’ हे बिल्डरचं वाक्य परवानगी नव्हे. टोकन देण्याआधी संघाचं लेखी पत्र घ्या. ते मिळत नसेल तर घर फक्त महिन्याच्या भाड्याचं समजून भाव करा. दीडशे-दोनशे कुटुंबांच्या टाउनशिपमध्ये विरोध होण्याचा संभव जास्त. स्वतंत्र जिना असलेला एखाद्या बंगल्याचा मजला, रो-हाउस किंवा 10-12 फ्लॅटची छोटी मल्टी इथे निभावणं सोपं जातं.

परवान्याबाबत एक गैरसमज सर्रास दिसतो. ‘होमस्टे म्हणून नोंद करू’ असं म्हणतात, पण केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या बेड अँड ब्रेकफास्ट-होमस्टे योजनेत मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असणं ही अट आहे, खोल्या 1 ते 6. तुमचं घर वर्षातले 11 महिने मालकाविना, तेव्हा ते यात बसत नाही. मध्य प्रदेश टुरिझम बोर्डाकडेही निवासाच्या निरनिराळ्या प्रकारांची नोंदणी होते. मालक राहत नसलेल्या घराला कोणता प्रकार लागतो ते तिथून लेखी विचारून घ्या. पोलिसांना भाडेकरू-पाहुण्यांची माहिती द्यायची कशी, हे तुमच्या ठाण्यातून समजून घ्या. परदेशी नागरिक उतरला तर त्याची माहिती (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) 24 तासांत ऑनलाइन भरावी लागते, पाहुणा एका रात्रीचा असला तरी यातून सूट नाही.

कागदपत्रांत इंदूरचे स्वतःचे तीन खड्डे आहेत. पहिला, नोटरीवरचं घर. स्वस्त मिळतं, पण नोटरी म्हणजे रजिस्ट्री नव्हे. बँक कर्ज देत नाही आणि मालकी तुमची होत नाही. असं घर कितीही देखणं असलं तरी सोडा. दुसरा, इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनांतली लीज, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेपट्टा. लीजची मुदत किती उरली, नूतनीकरण झालंय का, फ्रीहोल्ड (पूर्ण मालकीचं) केलंय का, आणि लीजमध्ये वापर ‘निवासी’ असेल तर पुढे काय, हे वकिलाकडून वाचून घ्या. तिसरा, वसाहतच अवैध असणं. जमिनीचं डायव्हर्शन (शेतीतून निवासी वापरात बदल), टीएनसीपीचा (नगर नियोजन खात्याचा) मंजूर नकाशा, महानगरपालिकेची, म्हणजे निगमची, बांधकाम परवानगी आणि नवीन प्रकल्प असेल तर रेरा क्रमांक, हे चारही हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नका. 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या व्यवहारांची तपासणी, करून घ्या. रजिस्ट्री आता राज्याच्या संपदा 2.0 या ऑनलाइन यंत्रणेवर होते, पण रजिस्ट्री झाली म्हणजे काम संपलं असं नाही: निगमच्या मालमत्ताकर खात्यावर नामांतरण आणि वीजजोडणीवर नाव हे दोन्ही लगेच करून टाका. किंमत 50 लाख किंवा वर गेली तर विकणाऱ्याला पैसे देताना 1 टक्का टीडीएस तुम्हीच कापायचा असतो. 34 च्या घराला तो प्रश्न नाही.

जागेचं उत्तर पाहुणा कोण, यावर ठरतं. विजयनगर, स्कीम 54, स्कीम 78 हा भाग सर्वांना चालतो: रुग्णालयं, ऑफिसं, खाणं, सगळं हाताशी. किंमत मात्र त्या प्रमाणात. सुपर कॉरिडॉर विमानतळ आणि उज्जैन रस्ता दोन्हींना जवळ आहे, मेट्रोचा पहिला टप्पाही 31 मे 2025 पासून तिथेच धावतो. पण काही पट्ट्यांत रात्री नऊनंतर खाली उतरून दूध मिळत नाही, तेव्हा जागा संध्याकाळी पाहा. राजेंद्रनगर-राऊ हा भाग तुमच्यासाठी मी आवर्जून सुचवेन. मराठी वस्ती, आयआयएम आणि महू हाताशी, पीथमपूरला जाणाऱ्यांना सोयीचा आणि विजयनगरपेक्षा भाव नरम. राजवाड्याजवळचं जुनं घर मनाला भुरळ घालतं, पण पाहुण्यांची इनोव्हा किंवा अर्टिगा त्या गल्लीत उभी राहत नाही. पार्किंग नसेल तर उज्जैन-ओंकारेश्वर करणारं कुटुंब ते घर निवडत नाही, आणि ड्रायव्हरला पाठ टेकायला जागा आहे का हेही ते विचारतात.

उज्जैन 55 किलोमीटरवर आहे म्हणून महाकालचे सगळे भाविक इंदुरात उतरतील असं नाही. ज्याला फक्त दर्शन करायचंय तो तिथेच झोपतो. इंदुरात उतरतो तो विमानाने येणारा, किंवा उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू एकाच मुक्कामावरून उरकणारा. भस्म आरती पहाटे 4 वाजता सुरू होते, रांगेत त्याच्या बऱ्याच आधी लागावं लागतं. म्हणजे हे लोक मध्यरात्री घर सोडतात आणि सकाळी 10 ला थकून परततात. तुमच्या नियमात 10 ला खोली रिकामी करायची असेल तर भांडण ठरलेलं. चेक-आउट 11 चा ठेवा आणि पुढची बुकिंग नसेल तर अर्ध्या दिवसाचा दर आधीच लिहून ठेवा. पावसाळ्यात मांडूमुळे शनिवार-रविवार भरतात, श्रावणात महाकालच्या सवारीचे सोमवार, हिवाळ्यात लग्नाचे मुहूर्त. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पावसापर्यंत हात आखडता घ्यावा लागतो. तुमचा मे महिन्यातला मुक्काम या दृष्टीने अगदी योग्य वेळी येतो.

घर पाहताना भिंतींचा रंग नंतर पाहा, विजेचा मंजूर भार आधी विचारा. दीड टनाचे दोन एसी म्हणजे 3 किलोवॉट, दोन गिझर 4 किलोवॉट, इंडक्शन 2 किलोवॉट. सकाळी सहा पाहुणे एकदम उठले तर 9 किलोवॉट लागतात, आणि बऱ्याच जुन्या फ्लॅटला मंजूर भार 3 ते 5 किलोवॉट असतो. मग एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडतो, पाहुणा फोन करतो, कोणीतरी मोठा एमसीबी बसवून देतो आणि वायर तापते. हे करू नका. भार वाढवून घ्या, एसी-गिझरला 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढा, अर्थिंग मोजून घ्या. वीज घरगुती जोडणीवर आहे, आणि तपासणीत व्यावसायिक वापर ठरला तर फरकाची वसुली निघू शकते. म्हणून कायम रोजच्या भाड्यालाच देणार असाल तर वीज कंपनीला आधी विचारा. गॅसचं घरगुती सिलिंडर पाहुण्यांसाठी वापरायचं नसतं. इंडक्शन, किटली आणि मायक्रोवेव्ह पुरे.

पाणी दुसरी गोष्ट. जलूदहून सत्तरएक किलोमीटर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी शहराच्या बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतं, बाकी भिस्त बोरिंगवर. बोरिंग मे महिन्यात चालतं का, टँकर कोणाच्या खर्चाने येतो, हे चौकीदाराला विचारा. बिल्डर सांगणार नाही. बोरिंगचं पाणी जड असेल तर गिझरच्या एलिमेंटवर थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी एलिमेंट फुटतं. दर सहा महिन्यांनी गिझर उघडून साफ करायचा, मॅग्नेशियमचा रॉड पाहायचा, शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची.

सामानात चादरींवर काटकसर नको: प्रत्येक गादीला तीन जोड, एक अंथरलेला, एक धुलाईत, एक कपाटात. टॉवेलही त्याच हिशेबाने. गादीवर चेन असलेलं जलरोधक आवरण, नाहीतर पहिल्या वर्षातच गादी बदलावी लागते. इन्व्हर्टरला 150 एएचची बॅटरी आणि राउटर त्याच लाइनवर. दाराला पिनचं कुलूप. त्याचे सेल सहा महिन्यांनी ठरवून बदला, साधी किल्ली देखरेख करणाऱ्याकडे ठेवा. एक एबीसी अग्निशामक स्वयंपाकघराबाहेर. तुमचे कपडे, देवाचं सामान, आईंच्या वस्तू यासाठी एक कपाट भिंतीत पक्कं करून कुलूपबंद ठेवा.

कचरा बाहेरगावच्या लोकांना किरकोळ वाटतो. इंदुरात ओला, सुका, सॅनिटरी, प्लास्टिक वेगळं करूनच गाडीत द्यावं लागतं, आणि पाहुणा सगळं एका पिशवीत कोंबतो. झाकणाचे चार डबे, त्यावर ठळक अक्षरं, आणि रोज सकाळी गाडीच्या वेळी कचरा बाहेर नेणारा माणूस, हे तिन्ही लागतात. संघाकडे पहिली तक्रार बहुधा यावरूनच जाते.

तो माणूस आई नसाव्यात. ‘आई लक्ष ठेवतील’ असं तुम्ही लिहिलंय, पण मध्यरात्री पिन लागत नाही म्हणून येणारा फोन, नळ गळतोय म्हणून रिक्षा करून जाणं, हे त्यांच्यावर टाकू नका. जवळपास राहणारी एक सफाई करणारी बाई, तिला पर्याय म्हणून दुसरी, आणि फोन घेणारा पगारी माणूस, इतकी व्यवस्था उभी राहत नसेल तर रोजचं भाडं सुरू करू नका. स्थानिक ओळखपत्रावर शनिवारची एका रात्रीची बुकिंग बहुतेक पार्टीसाठी असते. शनिवार-रविवारला किमान दोन रात्रींचा नियम लावला की निम्मा त्रास टळतो. प्रत्येक प्रौढाचं ओळखपत्र आधी, पिन नंतर.

कराचं थोडक्यात. तुमची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि बुकिंग अ‍ॅपवरून येत असेल, तर जीएसटी अ‍ॅपच भरतं. रात्रीचं भाडं 7,500 पर्यंत असेल तर जीएसटीचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे. आयकरात हे घरभाडं की व्यवसाय, हा प्रश्न सीएसमोर आधीच ठेवा. घरभाडं धरलं तर 30 टक्क्यांची सरसकट वजावट मिळते, पण सफाई-कमिशनसारखे प्रत्यक्ष खर्च वेगळे धरता येत नाहीत. नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वजा होत नाही, हेही लक्षात घ्या. विमा काढताना ‘पैसे देणारे पाहुणे राहतात’ हे पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी अडतं.

सिंहस्थ 2028 च्या एप्रिल-मे मधलं. तुमचं कर्ज 20 वर्षांचं. त्या एका हंगामात दर चढतील यात शंका नाही, पण ती आशा विकणाऱ्यानेही किमतीत आधीच धरलेली असते. इंदूर-उज्जैन रस्ता सहापदरी होतोय, त्यामुळे इंदुरात उतरणं सोयीचं होईल, तसंच उज्जैनमध्येही तोपर्यंत खोल्या वाढतील. तुमच्या तक्त्यात सिंहस्थाची रक्कम शून्य धरा; मिळाली तर तेवढं कर्ज आधी फेडा.

घर कोणाच्या नावावर, हे तुम्ही शेवटी विचारलंय. मध्य प्रदेशात स्त्रीच्या नावावर रजिस्ट्री केली तर नोंदणी शुल्कात सवलत मिळते, ती जरूर घ्या. पण पैसे पतीचे आणि घर पत्नीच्या नावावर असेल तर त्या घराचं उत्पन्न करासाठी पतीच्या खात्यात धरलं जातं. म्हणून दोघांपैकी कोणाच्या खात्यातून किती गेले, हप्ता कोण भरणार, हे बँक ट्रान्सफरनेच दिसू द्या आणि टोकन देण्याआधी सीएला दाखवा.